खिडकीच्या कमानीतला दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, त्या माझ्या मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय—का, ते विचारू नका.

आम्ही जर्मनीत, इंगोलश्टाटला राहतो. गाड्यांच्या कारखान्यांचं गाव. पण अर्ध्या तासावर नदीच्या खोऱ्यात एक बाजाराचं गाव लागतं, आणि त्याच्या भोवतीच्या टेकड्यांवर गढ्या, बुरूज, पडके किल्ले. शनिवारी सकाळी बाजार करायचा, पिशव्या डिकीत टाकायच्या आणि एखादा किल्ला चढायचा—हे माझं वेड. कॉलेजात असताना सह्याद्री पालथा घातलेली मी. बुरुजांवर बदामात नावं कोरणाऱ्यांना तोंडभर शिव्या घालणारी मी!

ईरा तेव्हा सात वर्षांची होती. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली, बाल्कनीत मातीचा किल्ला करायचं ठरलेलं. त्या शनिवारी आम्ही दोघीच चढलो. वर एक म्हातारे गृहस्थ भेटले—गावातल्या मंडळाचे, इथे त्याला फेराइन म्हणतात. ही माणसं पैसे न घेता दर शनिवारी येऊन पडकी भिंत पुन्हा उभी करतात. त्यांनी आमच्यासाठी बुरुजाचं कुलूप काढलं.

आत शिरले आणि मान वर केली. वर छप्पर नाही, नुसतं गोल आभाळ. भिंत इतकी जाड, की खिडकीत आम्ही दोघी आडव्या झोपलो असतो. त्यांनी ईराचा हात धरून एका चिऱ्यावर ठेवला. तिथे पाथरवटाची खूण होती, बोटाएवढी—आठशे वर्षांपूर्वीच्या कुणा माणसानं ठोकलेली. ईरानं श्वास रोखला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

खोटं नाही सांगत—म्हणतेय कोण!

बाहेर गवतावर खिडकीच्या कमानीचे दगड ओळीनं मांडले होते, खडूनं आकडे घातलेले, पुन्हा बसवायला. कडेचा एक मुठीएवढा, त्यावर तशीच खूण. आपल्या किल्ल्याला एक खराखुरा दगड—एवढंच आलं मनात. इतका भारावलेला माणूस हात जोडतो, की डल्ला मारतो? गृहस्थ कुलूप लावत होते, ईरा पानं वेचत होती. तिची सॅक माझ्या हातात होती. दगड आत टाकला आणि—हे कसं सांगू—सॅक तिच्या पाठीवर चढवली.

निघताना त्यांनी हाक मारली. ओळीतली रिकामी जागा त्यांना दिसली होती. रागावले नाहीत, नुसते त्या खाली ओढल्या गेलेल्या सॅककडे बघत राहिले. आणि मी, चाळिशीला टेकलेली, शिकलीसवरलेली बाई, काय केलं? सॅक उघडली, आश्चर्याचा आव आणला आणि म्हणाले, लहान आहे हो, चुकलं तिचं.

ईरानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. प्रत्येक दगडाची जागा ठरलेली असते, हा नसता तर कमान अपुरी राहिली असती, असं हळू आवाजात समजावलं. ती रडली. ‘एन्टशुल्डिगुंग’ म्हणाली, तीनदा. तिनं माफी मागितली—आणि मी शेजारी उभी राहून ऐकलं. मला वाटलं, विसरेल.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. गेल्या रविवारी जेवताना तिनंच विषय काढला, नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये. लहानपणी मी किल्ल्यावरचा दगड चोरला होता ना, म्हणाली. सॅकमध्ये कधी टाकला ते आठवत नाही, पण मीच टाकला असणार. अजून कुठल्याही म्युझियममध्ये मी हात मागे बांधून फिरते. आणि मग म्हणाली—आई, तू तेव्हा मला एका शब्दानंही बोलली नाहीस, ते मी कधी विसरणार नाही.

सांगायला हीच वेळ होती, नाही का? नवरा हसत होता. ताटात वरण-भात होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे गं," म्हणाले, "लहान होतीस तू."

माफ केलं मी तिला.