अल्सेशियन चावत नाही

तुम्ही कुत्रा पाळायचं ठरवलंत तर आमच्या भागातला कुणीही तुम्हाला माझ्याकडे पाठवील. आगाशीच्या अलीकडे उतरा, केळीच्या वाड्यांमधून सरळ आत या आणि कुत्रेवाले काका कुठे राहतात ते विचारा. मी चहा पाजीन, घरात तापट कोण, तुम्ही की बायको, असल्या आगाऊ चौकशा करीन आणि तुम्हाला कुठली जात मानवेल ते सांगीन. ही माझी कीर्ती. ती मी कशी कमावली, हे मात्र आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही. आईच्या नाही, बायकोच्या नाही. देवापुढे हात जोडतानाही तेवढा भाग मी गाळत आलो. त्याला ठाऊकच असणार, उगाच कशाला त्याचा वेळ घ्या! तुम्ही अनोळखी, तेव्हा तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

माणसं आपली आवडती जात कशी निवडतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. निवडत नाहीतच मुळी. पामेरियन हवा म्हणणाऱ्या बाईला लहानपणी कुठल्यातरी बंगल्याच्या फाटकाबाहेर उभं राहावं लागलेलं असतं, आणि फाटकाच्या आत एक पामेरियन असतो. डॉबरमन मागणारा गृहस्थ हटकून साहेबापुढे हळू आवाजात बोलणारा निघतो. कुणाला बापाची आठवण असते, कुणाला शेजाऱ्याची जिरवायची असते. कुत्रा बिचारा मागाहून येतो.

एका मुलीची आवड मात्र मी घडवली. माझ्या या दोन हातांनी. नावं बदलली आहेत. त्या लोकांसाठी बदलली, असं लिहिणार होतो — पण राहू दे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी चोविशीचा. घरची केळीची वाडी, शिक्षण अर्धवट आणि डोक्यात हवा पुरेपूर. आमची केळी घेऊन मुंबईला जाणाऱ्या टेम्पोवाल्याने वांद्र्याच्या एका पारशी बाईंशी गाठ घालून दिली. बाई परदेशी चालल्या होत्या, त्यांना कुत्र्याला घर हवं होतं. जाताना केळी गेली आणि येताना रिकाम्या टोपल्यांत बसून रेक्स आला. अस्सल अल्सेशियन, पोलिसांत असतो तो! त्याला लसबीस सगळं टोचलेलं आहे, हे बाईंनी मला दोनदा बजावून सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या नानांनी त्याला ढेकूळ हाणलं. कोल्हा समजून. आमच्याकडे खाडीकडून कोल्हे यायचेच.

"अरे, मुंबईला जाऊन कोल्हा आणलास?" नाना बांधावरून ओरडले. "आमच्या वाडीत रोज येतात. सांगितलं असतंस तर दोन धरून दिले असते!"

त्यातून रेक्सचा एक कान उभाच राहीना. मी पुठ्ठा कापून चिकटपट्टीने आतून बांधला, तर तो कुत्रा दिसायच्या ऐवजी पडझड झालेलं घर दिसू लागला. मी त्याच्याशी इंग्रजीत बोलायचो. सिट म्हटलं की उठायचा, कम म्हटलं की जायचा. त्याला मराठी येत नाही, असं मी लोकांना सांगायचो. आई म्हणायची, "आणि तुला इंग्रजी येतं का रे मेल्या?" सगळी आळी हसायची. मीही हसायचो. पण आत कुठेतरी — तुम्हालाही ठाऊक असेल ते हसणं. दात दाखवायचे आणि रात्री कुशीवर वळून कुढायचं.

म्हणून मी एक वाक्य पाठ केलं आणि भेटेल त्याला ऐकवू लागलो. अल्सेशियन उगाच चावत नाही. हुकूम झाला तरच चावतो. गावठी आणि जातिवंत यांत हाच तर फरक!

आता गावठीबद्दल सांगायला हवं. अर्नाळ्याहून हिरूमावशी मासळीची पाटी घेऊन सकाळची आमच्या गावात यायची. नवरा दर्यावर गेला तो परत आला नव्हता, मूलबाळ नाही. तिच्या मागून तिचा कुत्रा यायचा, तांबू. तांबूस रंगाचा, म्हातारा, एवढी वाट चालून दमलेला. मावशी पाटी उतरवायची आणि तो तिच्या सावलीत बसायचा. मासळीला त्याने कधी तोंड लावलं नाही. मावशीच त्याला आपल्या भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून मऊ करून भरवायची. आम्हाला वाटायचं, काय लाड!

त्या सकाळी मी वाडीत रेक्सला शिकवत होतो. सुकलेली केळीची पानं कोंबून एक गोणपाट भरलं होतं, ते दाखवून "कॅच!" म्हणून ओरडायचं. महिनाभर हाच उद्योग. रेक्स गोणपाटाजवळ जायचा, हुंगायचा आणि तंगडी वर करायचा. तेवढ्यात नानांची सुलू पाटाच्या कडेने धावत आली. पहिलीत होती. पूजेला फुलं मागायला यायची रोज. आणि रेक्सची साखळी सुटली—

नाही. सुटली नाही. मीच सोडलेली होती.

बरं, एवढ्यावर तरी थांबतोय का मी? इतकी वर्षं मनातल्या मनात कबुली देतानाही मी इथेच थांबायचो. साखळी सोडली, हा हलगर्जीपणा झाला. तरुण पोराकडून व्हायचाच. पण तसं नव्हतं. सुलूच्या पाठीकडे बोट करून, हसत हसत, गंमत म्हणून — मी म्हणालो, "कॅच!"

आणि जन्मात पहिल्यांदा त्या कुत्र्याने माझं ऐकलं.

पोटरीला धरलं त्याने. पोर पाटात तोंडावर पडली. मागून काय आलं ते तिला दिसलंच नाही, तांबूस काहीतरी एवढंच दिसलं. मी धावलो. कुणाकडे धावलो, सांगा बरं? मी आधी रेक्सला धरलं, पंपाच्या खोलीत कोंडलं, कडी लावली. मग येऊन सुलूला उचललं. तेवढा वेळ ती पाण्यात होती. ओरडत होती. पाटाचं पाणी घोट्याएवढंच होतं, हेही मी स्वतःला पुष्कळदा सांगितलेलं आहे.

ओरडा ऐकून नाना आले, चार माणसं आली. "कुठला कुत्रा?" रस्त्यावरून मावशीची हाळी ऐकू येत होती. मी म्हणालो, "तो मावशीचा..." अर्धंच वाक्य. पुढचं मला म्हणावंच लागलं नाही. कुणीतरी म्हणालं, पिसाळलाय. कुणीतरी केळीला टेकू द्यायचे बांबू उचलले.

तांबू पाटीशेजारी बसला होता. माणसं जवळ आली तेव्हा तो शेपूट हलवत उठला. रोजची ओळखीची माणसं. मावशी मध्ये पडली. "त्याच्या तोंडान बगा रे! दात नाय त्याला, दात कवाच परलेन!" पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात कोण बघणार? दोघांनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. पाटी कलंडली. मीही तिथेच होतो. माझ्या हातात बांबू नव्हता, यावर मी वर्षानुवर्षं जगलो. काय उपयोग? तोंड तर होतं.

पिसाळलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, लाळेनेही विष चढतं, म्हणून सगळे लांब उभे. मी पुढे झालो. म्हणालो, मी पुरतो. केवढं धाडस! नाना मागून म्हणाले, "जपून रे पोरा." मला कसली भीती? तो पिसाळलेला नाही, हे गावात दोघांनाच ठाऊक होतं. मला आणि मावशीला. वाडीच्या टोकाला खड्डा खणला, मिठागरातलं मीठ आणून ठेवलं, आणि माती लोटण्यापूर्वी त्याचं तोंड उघडून पाहिलं. का पाहिलं असेल? एखादा तरी दात असावा, असं वाटत होतं. मऊ हिरड्या होत्या नुसत्या. तान्ह्या मुलासारख्या.

डॉक्टर नानांवर चिडले. कुत्रा मारला कशाला? बांधून ठेवायचा, दहा दिवस नजर ठेवायची, धडधाकट राहिला तर एकही सुई लागत नाही. आता इलाज नाही, पोटात चौदा इंजेक्शनं. सहा वर्षांच्या मुलीच्या पोटात. आणि चावलेला कुत्रा आमच्या पंपाच्या खोलीत दूधपोळी खात होता. धडधाकट, लस टोचलेला.

नानांना वाडीची कामं, म्हणून रोज सुलूला सायकलवर डबल सीट दवाखान्यात कोण न्यायचं? मीच. आई म्हणाली, माझा पोरगा किती सुधारला! दवाखाना दिसला की सुलू माझा सदरा घट्ट धरायची. दोन वाक्यं बोललो असतो तर त्या दिवसापासून सुया थांबल्या असत्या. दुसऱ्या दिवशी बोलता आलं असतं. पाचव्या दिवशी आलं असतं. मी तिला लिमलेटच्या गोळ्या घेऊन द्यायचो. एकदा परत येताना तिने विचारलं, "काका, रेक्स नाही ना चावत?"

मी म्हणालो, "नाही गं बाळा. अल्सेशियन चावत नाही. चावतात ते गावठी."

मुलं आवडती जात अशी निवडतात.

त्या कुत्र्याला पुरणारा, सुलूला नेणारा, कुत्र्यांतलं कळणारा — तिथून माझं नाव झालं. लोक विचारायला येऊ लागले. रेक्स म्हातारा होऊन झोपेत गेला. हिरूमावशी पुन्हा आमच्या गावात आली नाही, मासळी घेऊन दुसरीच कुणी येऊ लागली. एकदा मात्र धीर करून मी अर्नाळ्याला गेलो. सांगायलाच गेलो होतो. मावशी किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. तिने मला लगेच ओळखलं. म्हणाली, "आय बरी हाय का तुजी?" मी म्हटलं, बरी आहे. मग मी सुके बोंबील घेतले आणि परत आलो. घरी छान कालवण झालं. मी दोनदा वाढून घेतलं. पुढच्या वर्षी ती गेल्याचं कळलं.

सुलू आता विरारला असते, नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माझ्याकडेच आली. "काका, मला अल्सेशियनच हवा. माझा त्या एका जातीवर विश्वास आहे." नवरा बिचारा म्हणत होता, एवढ्याशा घरात एवढं मोठं धूड कशाला? मी — मी त्याची समजूत घातली. पिल्लू शोधून दिलं. चांगल्या घराण्यातलं, दोन्ही कान उभे.

गावठी कुत्रं दिसलं की तिचा चेहरा अजून पांढरा पडतो. बिल्डिंगखालची सगळी कुत्री तिने पालिकेकडे अर्ज करकरून गाडीत भरून पाठवली. त्यातलं एक वॉचमनच्या पोरीने सांभाळलेलं होतं. ती पोर गाडीमागे धावत गेली, हे सुलूनेच मला सांगितलं. "वाईट वाटतं काका, पण आपण भोगलंय ना!" आपण, म्हणाली.

गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. तिची धाकटी, चार वर्षांची, कुत्र्याच्या ताटलीतून हाडूक ओढून काढत होती. कुत्रा जेवत होता. त्याच्या घशातून बारीक आवाज येत होता. तो आवाज मला कळतो, माझा धंदाच तो. पोरीने हात आणखी आत घातला. मी अर्धा उठलो.

सुलू हसली. "बसा हो काका, घाबरता काय? तुम्हीच तर सांगितलं होतंत. अल्सेशियन नाही चावत. खरं ना?"

मी म्हणालो, "खरं." आणि बसलो.

कुत्र्याने मान बाजूला केली. त्या दिवशी काही झालं नाही. आज काय होत असेल, मला माहीत नाही. विरार इथून लांब नाही, सायकलवरही जाता येतं. मी गेलेलो नाही. इथे लिहितोय, कारण सुलूला वाचायची आवड नाही.