सरुबाई सुईण आणि कुड्याचं लाकूड

सरुबाईचा नवरा खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर होता. दरड फोडताना एक सुरुंग उशिरा उडाला आणि तो जागीच गेला. लोकांनी त्याला घोंगडीत बांधून कामशेतला आणलं. सरुबाई तेव्हा पंचविशीत होती. ती रडली, पण गावातल्या जाणत्या बायांना ठाऊक होतं की ते रडणं सगळं नवऱ्यासाठी नव्हतं. तो प्यायला की तिला लाथांनी तुडवायचा. दोन पोरं त्यापायी पोटातच गेली होती.

पुढं ती सासूच्या हाताखाली सुईणपण शिकली. पंचवीस वर्षं कामशेतपासून भाजे गावापर्यंत कुठलंही अडलेलं बाळंतपण तिच्याकडं येई. बायांची अंगं उघडी बघणारी पंचक्रोशीत ती एकटीच. कुणाच्या मांडीवर विडीचे डाग, कुणाच्या पाठीवर आसुडाचे वळ, कुणाच्या बरगडीला जुनं मोडलेलं हाड. ती बघायची, हळद लावायची आणि बाहेर येऊन ओसरीवर बसलेल्या त्याच नवऱ्याला सांगायची, "मुलगा झाला."

एकोणीसशे सव्वीसच्या श्रावणात, भर दुपारी, हिरी नावाची ठाकर मोलकरीण धापा टाकत तिच्या दारात आली.

"मावशी, चला. थोरल्या बाई रगतात हायती."

थोरल्या बाई म्हणजे कस्तुराबाई. महिपती हा गावातला मोठा खातेदार, आणि कस्तुराबाई ही त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ पलटणीत होता, दहा वर्षांपूर्वी इराकात बसऱ्याच्या लढाईत मेला. गावात इतरांच्यात पाट लागायचा, विधवेचं दुसरं लग्न व्हायचं, पण महिपतीच्या घराण्याला तो कमीपणा वाटे. बत्तीस वर्षांची बाई त्या घरात भात कांडत होती आणि उष्टी काढत होती.

घरचे सगळे लावणीला गेले होते. कस्तुराबाई कणगीमागं पोत्यावर पडली होती, ओठ पांढरे, लुगडं भिजलेलं. सरुबाईनं बघितलं आणि तिला वाटलं तेच तिनं विचारलं.

"कोण व्हता? महिपती?"

"न्हाई. कुणी न्हाई." कस्तुरानं तोंड फिरवलं. "माझं मीच."

कोपऱ्यात काचेच्या छोट्या बाटलीचा तळ पडला होता, बाकीची बाटली आत फुटली होती. सरुबाईला पुढं काही विचारावं लागलं नाही. तिनं हिरीला दारात बसवलं, पाणी उकळायला ठेवलं, चिमटा त्यात टाकला आणि कस्तुराच्या दातांत चिंचेची काटकी दिली. काटकीचे दोन तुकडे झाले. निघालेली प्रत्येक काच सरुबाई पितळीत ठेवत गेली आणि शेवटी रक्ताळल्या बोटांनी ते तुकडे एकमेकांना जुळवत बसली. बाटली पुरी होईना. एक नखाएवढी कपची कमी होती. ती सापडेपर्यंत तिनं हात काढला नाही. कस्तुरा मधेच बेशुद्ध झाली, ते बरंच झालं.

शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "थुंका माझ्या तोंडावर, मावशी."

"का म्हून? आंगाला भूक लागली म्हून कुणी कुणाच्या तोंडावर थुंकतं व्हय?" सरुबाई हात धूत म्हणाली. "पर काच खाऊ न्हाई."

ते सरुबाईच्या डोक्यातून जाईना. गेल्या काही वर्षांत कस्तुरा धरून अशा तिघी तिच्याकडं आल्या होत्या. एकीला लाटण्याच्या लाकडाचं कुसळ घुसलं होतं. एकीनं घेतलेली वस्तू आत राहिली आणि लाजेपायी तिनं आठ दिवस सांगितलं नाही. ती ताप चढून मेली. तिच्या घरच्यांना सरुबाईनं कारण सांगितलं नव्हतं.

स्टेशनच्या अलीकडं गेणू कातारी राहायचा. लाटणी, पाळण्याचे खांब, भोवरे कातून विकायचा. त्याची बायको विठाबाई दोरी ओढून चरक फिरवायची आणि तो फिरत्या लाकडाला पटाशी लावायचा. सरुबाई त्याच्यासमोर बसली आणि तिनं आडपडदा न ठेवता काय हवं ते सांगितलं. गेणूची मान खाली गेली ती वर येईना. विठाबाईनं मात्र दोरी सोडली.

"सागाचं करावं का?" तिनं विचारलं.

"त्याला रेषा लय. कुसळं निघत्यात."

"मग कुड्याचं करू. दुधासारखं लाकूड, हाताला रेष लागत न्हाई."

"वर लाख न्हाई चढवायची. रंग तर मुळीच न्हाई," सरुबाई म्हणाली. "आंगाच्या उबंनं सुटतो. टोक गोल, आन् बूड टोकाच्या दुप्पट रुंद. आत जाऊन बसाया नगं. तशानं येक बाई मेलीया."

गेणू पहिल्यांदाच बोलला. "शिंगाचं चालंल का? ते लाकडावानी पाणी पीत न्हाई."

"चालंल. पर चीर न्हाई पायजे."

त्यानं दोन्ही करून दाखवली. शिंगाच्या एका नगाला बारीक चीर निघाली. सरुबाईनं नख फिरवलं आणि तो बाजूला टाकला. भाजलेल्या मातीचं कुणी सुचवलं असतं तर तिनं कानच धरले असते. कुड्याची तीन मापं तिनं घेतली आणि प्रत्येकावरून आपलं रेशमी खणाचं फडकं ओढलं. धागा कुठं अडकला की ते परत घासायला.

कस्तुराला तिनं दीड महिना थांबवलं. मग स्वच्छ फडक्यात गुंडाळून सगळ्यांत लहान माप दिलं.

"आधी बारीकच. घाई करायची न्हाई, खोबरेल लावायचं. दुखलं की थांबायचं. दुखणं सोसायला काय आपलं नवरं कमी हायेत? झालं की कोमट पाण्यानं साबण लावून धुवायचं, सावलीत वाळवायचं. दुसरीला द्यायचं न्हाई, सख्ख्या भणीला बी न्हाई. खरखरीत लागलं की चुलीत घालायचं, म्या दुसरं दीन."

कस्तुरा हसली. दहा वर्षांत सरुबाईनं तिला हसताना बघितलं नव्हतं.

वर्षभरात अकरा बाया झाल्या. कुणी विधवा, कुणाचा नवरा मुंबईला राहिलेला, एक तर चांगली नांदती. ज्या बाईला जखम किंवा अंगावरून जाण्याचा त्रास होता तिला सरुबाई परत पाठवायची, आधी दुखणं बरं कर म्हणायची. मागं लागून तिनं कुणाला दिलं नाही.

पुढच्या दिवाळीआधी महिपतीची बायको रतनबाई घर सारवायला काढत होती. थोरल्या दिराची पलटणीतली पेटी उन्हात ठेवताना तिच्या हाती ते फडकं लागलं. काय आहे ते तिला कळलं नाही. तिनं नवऱ्याला दाखवलं. त्याला कळलं.

त्यानं कस्तुराला अंगणात ओढलं आणि बैलाच्या आसुडानं मारायला सुरुवात केली. आसूड तुटला तेव्हा खोऱ्याचा दांडा घेतला. रतनबाई मधे पडली तर तिलाही एक बसला. कस्तुराचं कोपर मोडलं, त्याचा आवाज शेजारच्या अंगणात ऐकू गेला.

"कुणी दिलं? बोल, कुणी दिलं?"

ती बोलली नाही. पण तालुक्यात असं काम करणारा कातारी एकच होता.

महिपती आपला भाऊबंद सोपान याला आणि आणखी एका गड्याला घेऊन गेणूच्या दारात गेला. त्यांनी पहिल्यांदा चरक फोडला. मग गेणूला पालथा पाडून सोपाननं त्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि महिपतीनं त्याचा उजवा हात लाकडाच्या ओंडक्यावर धरून पहारीचा ठोका घातला. विठाबाईनं लाकूड तासायचा वाकस उचलला आणि सोपानच्या खांद्यात हाणला. तो ओरडत बाजूला झाला, पण तोवर दुसरा ठोका पडला होता. गेणूनं नाव सांगितलं. त्याला कोण काय म्हणणार?

सरुबाई अंगणात बाळंतशेपा निवडत होती. महिपतीनं तिला केसांना धरून उंबऱ्याशी ओढलं. पन्नास माणसं जमली. त्यांतली निम्मी तिच्या हातून जन्मली होती, आणि एकही पुढं आला नाही.

"ह्या हातानं गावातल्या बाया नासवतीस?" महिपती म्हणाला आणि तिचा हात उंबऱ्यावर दाबून त्यानं पहार मारली. सरुबाईची तीन बोटं फुटली. ती किंचाळली, मग दुसऱ्या हातानं मूठभर माती घेऊन तिनं त्याच्या डोळ्यांत फेकली. तो आंधळ्यासारखा पहार फिरवत राहिला. एक फटका तिच्या खांद्यावर बसला, एक भिंतीवर. तिसरा बसायच्या आत अंबूबाई नावाची सत्तरीची म्हातारी गर्दीतून आली आणि सरुबाईच्या अंगावर आडवी पडली.

"मार मला! मार, मेल्या! तुजी नाळ हिनंच कापली, म्या दिवा धरून उभी व्हते. तवाच गळ्याला आवळायची व्हती!"

महिपती थांबला. लाज वाटून नव्हे. त्याला काही दिसत नव्हतं.

खटला वडगावच्या कचेरीत उभा राहिला. महिपतीच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं: मारलं, पण गावची अब्रू राखायला मारलं, आणि त्यानं ती कुड्याची वस्तू टेबलावर ठेवली. कचेरीत खसखस पिकली. मॅजिस्ट्रेट पुण्याकडचे प्रौढ गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला.

"बाई, हे काय आहे?"

सरुबाईचा हात गळ्यात बांधलेला होता. तिच्या बाजूच्या वकिलानं आधीच तिला बजावलं होतं की ठाऊक नाही म्हण.

"साहेब, बाईनं येकटीनं निजताना वापरायची वस्तू हाय."

हशा उसळला. ती थांबली नाही.

"हसा. म्या कस्तुराबाईच्या आंगातून काचेचं सात तुकडं काढलं तवा कुणी हसलं न्हाई. येक बाई आठ दिवस कुजून मेली, तवा बी कुणी हसलं न्हाई. म्या काय केलं? काच काढून घेतली आन् गुळगुळीत लाकूड दिलं. कसं धुवायचं ते सांगितलं. ह्येच्यात ज्येला पाप दिसंल त्येनं पाप म्हनावं."

मग कुणी बोलावलं नसताना कस्तुराबाई दारातून आत आली. सासरचा उंबरा ओलांडून, हिरीला बरोबर घेऊन, ती कामशेतपासून चालत आली होती. वाकडं राहिलेलं कोपर तिनं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"ती वस्तू माझी हाय. मारलं मला हितं, हितं आन् हितं. भावजी दर शनिवारी लोणावळ्याला कुटं जात्यात ते गावाला ठावं हाय. त्येंना कुणी पहारीनं मारलं न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही. महिपतीला आणि सोपानला तीन-तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. ती वस्तू मात्र मॅजिस्ट्रेटांनी शिपायाकडून कचेरीमागं जाळून टाकली आणि सरुबाईला ताकीद दिली. तिनं मान डोलावली.

कामशेतात आता राहणं शक्य नव्हतं. ज्या घरांत ती पंचवीस वर्षं गेली त्यांनी दारं लावून घेतली. ती आणि कस्तुरा लोणावळ्याला आल्या, रेल्वेच्या चाळींच्या मागं खोली घेतली. सरुबाईचा हात कामाचा राहिला नव्हता, म्हणून ती बाळंतिणीच्या उशाशी बसून सांगायची आणि कस्तुरा करायची. वाकड्या कोपरानं सुरुवातीला जमेना. एक मूल हातून गेलं. त्या आईनं कस्तुराच्या थोबाडीत मारली, आणि कस्तुरानं ती घेतली.

महिपती सुटून आल्यावर एका शनिवारी त्या खोलीवर आला. सरुबाई बाजारात होती. त्यानं कस्तुराचा अंबाडा धरला आणि म्हणाला, "चल घरी. घराण्याचं नाव रस्त्यावर मांडून बसलीस."

कस्तुरा सरपण फोडत होती. कोयता हातात होता. तिनं तो खालून वर, डोळे मिटून फिरवला. अंबाडा सुटला. महिपती आपलं मनगट दुसऱ्या हातानं दाबत गटारापर्यंत गेला आणि खाली बसला. चाळीतल्या बाया दारात आल्या.

सरुबाई परतली तेव्हा तो तिथंच होता, रक्त थांबत नव्हतं. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग कस्तुराला म्हणाली, "फडकं आन. घट्ट बांध, नसंवर. मरंल हितं तर फाशी तुला हुईल."

कस्तुरानं दात आवळून बांधलं. गाठ तिनं पक्की मारली. महिपतीनं फौजदाराकडं वर्दी दिली नाही. कुठं गेलो होतो, का गेलो होतो, हे सगळं परत कचेरीत निघालं असतं. बोटं त्याची बधिर झाली ती झालीच.

गेणूच्या हातात पुन्हा पटाशी आली नाही. विठाबाईनं दुसरा चरक मांडला आणि स्वतः कातायला बसली. दोरी गेणू ओढायचा, डाव्या हातानं. ताकीद असतानाही महिन्या-दोन महिन्यांनी ती दोघं टोपली घेऊन लोणावळ्याला यायची, वर लाटणी आणि खाली दुसरं. सरुबाई खणाचं फडकं ओढून प्रत्येक नग तपासायची आणि विठाबाईचं काम गेणूपेक्षा गुळगुळीत आहे असं त्याच्या तोंडावर सांगायची.

एकोणीसशे एक्केचाळीसच्या थंडीत सरुबाई न्यूमोनियानं गेली. तिला न्यायला चाळीतले चार पुरुष तयार झाले, पण तिरडीला पहिला खांदा कस्तुरानं दिला. त्यावरूनही भांडण झालं, एकानं तिला ढकललं, आणि कामशेतहून आलेल्या हिरीनं त्याला रस्त्यावरचा दगड उचलून दाखवला. मग तो मागून चालू लागला.