‘मोंढा’बद्दल एकही तक्रार आली नाही

वसमत तालुक्यात पुठ्ठ्याच्या पटावरचे खेळ छापून विकणारा प्रकाशक मी एकटाच आहे. त्यामुळे या धंद्यात माझा पहिला नंबर लागतो आणि शेवटचाही.

हा धंदा लोकांना समजावून सांगता सांगता माझे केस पिकले. खेळ म्हटलं की कुणी विचारतं, क्रिकेटचं सामान का? पट म्हटलं की, लुडो का? त्यात पत्तेही असतात म्हटलं की समोरचा माणूस इकडेतिकडे बघून आवाज खाली करतो आणि अड्डा कुठं भरतो ते विचारतो. (एकाने तर खुर्ची राखून ठेवायला सांगितलं.) आई पाहुण्यांना ‘पोरगं छापखान्यात हाय’ एवढंच सांगून विषय बदलते. माझी बायको वैशाली शाळेत शिक्षिका आहे. तिच्या पगारावर मी प्रकाशक आहे, हे ती कधी बोलून दाखवत नाही. ते काम तिच्या माहेरचे करतात.

माझ्या खेळाचं नाव ‘मोंढा’, म्हणजे आमच्याकडचा शेतमालाचा बाजार. खेळणारे सगळे हळदीचे शेतकरी. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, मोंढ्यात न्यायची आणि भाव पडायच्या आत विकायची. त्यात दोन लाकडी फासे होते आणि त्यांच्यावर ठिपक्यांऐवजी चित्रं होती: पाऊस, अडत्या, ट्रॅक्टर, वजनकाटा. या फाशांशिवाय खेळाचं पान हलत नाही. हळद उघड्यावर पसरलेली असताना फाशावर पाऊस पडला की खेळणाऱ्याच्या तोंडून जो आवाज निघेल, त्या आवाजासाठी मी दोन वर्षं घासली. (आतापर्यंत तो आवाज एकट्या वैशालीने काढला आहे, तोही मी आग्रह केल्यावर.)

पहिली आवृत्ती छापून आली आणि आमच्या घरातली एक खोली गेली. छतापर्यंत खोकी! माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, डोंगरकडा गावात खत-बियाण्याचं दुकान आहे. त्याने खोलीच्या दारात उभं राहून निकाल दिला की दिवाळीपर्यंत हे चाललं तर ठीक, नाहीतर त्याच्या दुकानात बसायचं. त्याने एक खुर्चीही घेऊन ठेवली होती. वैशालीने मान डोलावली. मला खताच्या पोत्यांत बसायचं नव्हतं. माझी इच्छा एवढीच होती की आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्यातरी घरात, मी तिथं नसताना, चार माणसांनी माझा पट पसरावा आणि त्यावरून कडाकडा भांडावं. माणसाने याहून कमी काय मागावं?

उन्हाळ्यात दादाच्या पोरीचं, पूनमचं लग्न ठरलं. मुलाकडचे हट्टा गावचे. दादा स्वतःहून म्हणाला, "टावेल-टोपीच्या आहेराला कोण विचारून राहिलं आता? तुझेच डब्बे देऊ सगळ्यांना. लोकं नाव काढतील."

मला भरून आलं. सख्ख्या भावाने माझी अख्खी आवृत्ती उचलली होती. (लग्नाच्या पाहुण्यांना झोपायला तीच खोली लागणार होती, हे मला फार उशिरा कळलं.)

छापखान्यातून पट, पत्ते, नियमांची पुस्तिका आणि फासे असं सगळं वेगवेगळं आलं होतं. ते डब्यांत भरायला आईने गल्लीतल्या बाया गोळा केल्या. ओसरीवर रांग बसली, चहा फिरला, गाणी सुरू झाली. मी प्रत्येकीला शिकवलं की आधी पट, त्यावर पत्ते, वर पुस्तिका आणि कोपऱ्यातल्या खोबणीत दोन फासे. मग डब्यावर चिकटवायचे वधूवरांच्या नावाचे स्टिकर आणायला मी नांदेडला गेलो. संध्याकाळी परत आलो तर सगळे डबे भरून, वरून चकचकीत प्लास्टिक लावून तयार. इतकं नीटनेटकं काम बघून मी आईच्या पाया पडलो. आईने आशीर्वाद दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, थकली असेल.

लग्नात प्रत्येक पाहुण्याच्या हातात ‘मोंढा’ पडला. मी मांडवाच्या दाराशी उभा राहून लोक डबा कसा धरतात ते बघत होतो. काहींनी हलवून पाहिला, एकाने वास घेतला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मी माझा फोन नंबर छापला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘खेळताना अडचण आल्यास निःसंकोच विचारा’. त्या रात्रीपासून फोन उशाशी घेऊन झोपू लागलो.

फोन आला नाही. आठवडा गेला, महिना गेला, पावसाळा अर्धा सरला. आता कुठलाही शहाणा माणूस यावरून जे समजायचं ते समजला असता. मी काय समजलो? की खेळ इतका सुटसुटीत झाला आहे की कुणाला अडचणच येत नाही! धंदेवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ठोकून दिलं की आमची पहिली आवृत्ती संपली आणि एकही तक्रार नाही. लोकांनी शाबासकीचे अंगठे पाठवले. एकाने तर रहस्य विचारलं आणि मी त्याला गुणवत्तेवर लांबलचक उत्तर लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठसुद्धा मी काढायला घेतलं.

दिवाळीच्या साफसफाईत ज्वारीच्या कोठीमागे मला एक जड पोतं सापडलं. तोंड सोडून बघतो तर आत फासे. पोतंभर फासे! पाऊस, अडत्या, ट्रॅक्टर, वजनकाटा. आई देवघरात वाती वळत होती. मी पोतं ओढत तिच्यापुढे नेलं.

"आई, हे काय हाय?"

"फासे," आई म्हणाली. वाती वळणं थांबलं नव्हतं.

"हे डब्यात पायजेत. काहून काढले?"

"लग्नाच्या घरात फासे वाटतेत व्हय? पांडवांचं काय झालं, ठावं न्हाई का तुला? पूनमच्या संसारात कशाला पायजे ती कटकट."

"अन् मला काहून सांगितलं न्हाई?"

"तू न्हाई म्हणला असता."

मी खरोखरच नाही म्हणालो असतो. मग आईने समजूत घातल्यासारखं सांगितलं की खोबण रिकामी ठेवणं बरं दिसत नाही म्हणून तिने प्रत्येक डब्यात एक हळकुंड आणि एक सुपारी ठेवली आहे. हळकुंडं घरचीच आहेत आणि एकेक निवडून घातली आहेत. गल्लीतल्या सगळ्या बायांना हे ठाऊक होतं. वैशालीलाही ठाऊक होतं, पण सासूच्या मध्ये कोण पडणार?

मी आधी लोकांच्या कल्पनेनेच घाबरलो. पट पसरून बसलेली घरंच्या घरं मला दिसायला लागली: हातात हळकुंड, समोर माझी पुस्तिका आणि तोंडात माझ्या नावाने शिव्या. मी फाशांच्या पुड्या बांधल्या, मोटारसायकलला पिशवी अडकवली आणि माफी मागायला सुटलो. वाटेत कुठंतरी एक विचार डोक्यात शिरला आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला. फासे कुठल्याच डब्यात नव्हते. मग एकानेही तक्रार कशी केली नाही?

पहिलं घर पूनमच्या सासऱ्यांचं, हट्ट्याला. त्यांनी मला कपाटाच्या काचेमागचा डबा अभिमानाने दाखवला. प्लास्टिकसकट होता. मी उघडायला हात पुढे केला तर त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"असू द्या, पाव्हणं. चांगली वस्तू हाय. उघडली की खराब व्हती."

"पण खेळायसाठी हाय ना ती."

"खेळू की. लेकराईचे लेकरं झाले की खेळू."

दुसऱ्या घरी डबा नव्हताच. त्यांनी तो मेव्हण्याच्या लग्नात देऊन टाकला होता. तिसऱ्या घरातून तो वास्तुशांतीला गेला होता. चौथ्या घरच्या बाईंनी आठवून आठवून सांगितलं की बारशाला दिला, नाही, साखरपुड्याला दिला. आमच्याकडे आहेरातलं ब्लाउज पीस कुणी शिवत नाही आणि आहेरातला टॉवेल कुणी अंगाला लावत नाही. ते पुढच्या लग्नाची वाट बघत पेटीत पडून राहतात आणि वेळ आली की पुढच्या घरी जातात. जन्मभर हे बघत आलेला, स्वतःच्या पेटीत असले पाच टॉवेल बाळगणारा मी, त्याच रांगेत माझा खेळ उभा करून आलो होतो. उरलेल्या घरांना मी गेलोच नाही. येताना रस्त्याकडेला गाडी लावून थोडा वेळ बसलो. राग आला होता आणि खरं सांगायचं तर रडायलाही आलं. लोकांना खेळ आवडला नसता तर मी सोसलं असतं. पण त्यांनी तो नाकारायचेही कष्ट घेतले नव्हते.

दिवाळी झाली आणि मी दादाच्या दुकानात त्या खुर्चीवर बसलो. तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, आणि एका लग्नात मलाही आहेर मिळाला. ‘मोंढा’! वर नव्या वधूवरांचं स्टिकर. ते नखाने खरवडलं तर खाली दुसरं जोडपं निघालं. त्याच्या खाली आमची पूनम आणि जावई. वैशालीने तो डबा माझ्या हातातून काढून पेटीत ठेवला, कारण पुढच्याच आठवड्यात तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं.

अशात एका दुपारी दुकानात फोन वाजला. अनोळखी बाईंचा आवाज. त्यांनी विचारलं, ‘मोंढा’वाले तुम्हीच का, आतल्या पुस्तकावर हा नंबर आहे. आतल्या पुस्तकावर! म्हणजे कुणीतरी डबा उघडला होता. मी खुर्चीवरून उठलो. गिऱ्हाईक युरिया मागत उभं होतं, त्याला हातानेच थांबवलं आणि बाईंना सांगितलं की फासे लगेच पाठवतो, चूक आमची आहे, तुम्ही मनसोक्त खेळा.

"फाशाचं मला काही माहीत न्हाई," बाई म्हणाल्या. "ते हळकुंड कुठलं हाय? लई बराबर हाय, भरीव अन् वासाचं. माझ्या पोरीचं लग्न हाय. असले डब्बे पायजेत, प्रत्येकात पाच हळकुंडं अन् सुपारी."

मी सांगितलं की मिळतील.

"फक्त तो आतला पुठ्ठा अन् पत्ते काढून टाका," बाई म्हणाल्या. "त्याच्यापायी ब्लाउज पीस बसत न्हाई."

त्यांच्या मागोमाग त्यांच्या बहिणीचा फोन आला, मग विहिणीचा. आई हळकुंडं निवडते, गल्लीतल्या बाया डबे भरतात आणि आता मीही त्यांच्यासोबत ओसरीवर बसतो. दादाने खुर्चीवर दुसऱ्याला बसवलं आहे. वैशालीच्या माहेरच्यांनी माझ्या प्रकाशनाची चौकशी केली तेव्हा तिने सांगून टाकलं की यंदा जोरात चाललंय. ते खरंच आहे. खेळ तेवढा काढून टाकला, आणि प्रकाशन चाललं.