कडुलिंबावरची टायरची जोडी

डोमाभाऊनं माझं डोकं जितकं खाल्लं, तितकं कोण्या साहेबानंही खाल्लं नसेल. मी लहानू, सावली तहसीलीच्या जीपचा ड्रायव्हर. डोमाभाऊचं बसस्टँडसमोर टायर-पंक्चरचं दुकान. टायर विकायला बसलेला माणूस, पण गिऱ्हाइकालाच आधी दहा प्रश्न विचारायचा. गाडी कुठं जाते, वर काय लादता, उभी किती दिवस असते? उत्तर पटलं नाही तर सरळ हात हलवून वाटेला लावायचा. असल्या माणसाचं दुकान चालतं कसं, याचंच मला नवल वाटे.

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात साहेबांनी मला त्याच्याकडं पिटाळलं. कचेरीमागं पुरासाठी ठेवलेली लोखंडी बोट होती, दोन चाकांच्या ट्रॉलीवर. चार वर्षांत ती जागची हलली नव्हती. पावसाळ्याआधी टायर बदला, असा हुकूम होता.

डोमाभाऊनं येऊन टायरच्या बगलेतल्या चिरेत नख घालून पाहिलं. “चालून नाई खराब झाला हा. उभा राहून राहून मेला.”

“मग जीपचे जुने दोन लावून दे ना भाऊ. मोकळे होऊ.”

“जीपचा बगलेनं नरम असते. वर बोट डोलन आन् वळणावर तुले उलटवन.”

“बैलबंडीचे?”

“थो बैलाच्या चालीचा टायर. तू पयवशील जीपमागं, गरम होऊन फाटन. याले सहा प्लायची, जाड थरांची जोडी पायजे, दोन्ही एका वयाचे. एक नवा, एक जुना लावला तं ट्रॉली एका अंगानं वढते.”

तशी जोडी त्याच्याच दुकानामागं कडुलिंबाला टांगलेली मी रोज पाहत होतो. म्हटलं, “ते काय नजर लागू नये म्हणून टांगले का?”

डोमाभाऊनं कडुलिंबाकडं पाहिलं. मग म्हणाला, “ते सुकलूचे हायेत.”

सुकलू त्याचा धाकटा भाऊ. दहा वर्षांपूर्वी धानाच्या पोत्यांच्या ट्रॉलीसकट नदीच्या बुटक्या रपट्यावरून पुरात वाहून गेला. ट्रॉली सापडली, सुकलू सापडला नाही. ज्या गाडीत माणूस मेला तिचा टायर डोमाभाऊ पुन्हा रस्त्यावर घालत नसे, चपलांसाठी कापून टाकायचा. त्याच ट्रॉलीचे हे दोन मात्र त्याच्यानं कापवले नाहीत.

“हात घाल,” तो मला कडुलिंबाखाली नेऊन म्हणाला.

ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी टायरच्या पोटात हात घातला आणि मनगटापर्यंत गार पाणी लागलं. बोटांत बारीक वाळू आली. नदीची.

“रोज सकाळी काढतो, रोज भरते,” डोमाभाऊ म्हणाला. “माह्यं पंक्चरचं घमेलं याच्यावरच चालते. दहा वर्षांत पान्यासाठी बोरिंगच्या हापशीवर नाई गेलो. हे पाह्य, नदीकडंच झुकून राह्यते. म्हणून तार बांधली.”

वारा नव्हता आणि दोन्ही टायर तारेला ताण देऊन पूर्वेला, नदीकडं कलले होते. आमच्या जीपचं प्रत्येक पंक्चर याच पाण्यात बुडवून काढलेलं, हे आठवलं आणि मी हात सदऱ्याला पुसला. “काहीही सांगतो,” असं म्हणून मी निघालो खरा, पण हाताचा गाळाचा वास दोन दिवस जाता जाईना.

चंद्रपूरहून टायर येणार होते. ते काही आले नाहीत, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. ऑगस्टात एका सकाळी कोतवाल धावत आला. पारडीटोल्याला पाण्यानं वेढा घातला होता, माणसं शाळेच्या छपरावर, कवेलूंवर बसली होती. माझी सीता तिथंच होती, माहेरी, आठवा संपत आलेला.

मी डोमाभाऊसमोर उभा राहिलो. “भाऊ, सीता तिकडं हाये. ते दोन टायर दे मले.”

“ते पान्यात गेले तं वापस नाई येत, लहानू.”

“समजते मले.”

“तुले नाई समजत,” तो म्हणाला, आणि उठून तार सोडायला लागला. आतलं पाणी त्यानं घमेल्यात ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. नट त्यानं एकेक करून आवळले. माझा पाना दोनदा पडला.

मी, डोमाभाऊ आणि बोट वल्हवायला झिंगू ढिवर असे निघालो. पाण्याच्या फर्लांगभर अलीकडं जीप धानाच्या बांधीतल्या चिखलात आसापर्यंत रुतली. मी स्टेअरिंगवर डोकं आपटलं आणि जीपला, नदीला, साहेबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. समोर पाणी दिसत होतं आणि बोट तिथवर जाणार नव्हती.

“हूक काढ,” डोमाभाऊ म्हणाला.

“कोण वढन एवढं?”

“काढ म्हणतो ना.”

मी पिन उपसली. ट्रॉली क्षणभर उभी राहिली. मग चाकं फिरली. जमीन सपाट होती, मध्ये बांध्यांचे उंच धुरे होते. चाकं एकेका धुऱ्यावर चढली आणि उतरली, घाईनं नव्हे, रोजच्या वाटेनं घरी जाणाऱ्या माणसाच्या चालीनं. डोमाभाऊ टायरवर हात ठेवून बाजूनं चालत होता. “हळू जाय बापू,” एवढंच मला ऐकू आलं. झिंगूनं डोळे मिटून घेतले होते.

बोट तरंगली, झिंगू आणि मी आत चढलो. ट्रॉली खाली जातच राहिली. डोमाभाऊ कमरेइतक्या पाण्यात उभा होता, आणि टायर जिथं होता तिथं त्याचा हात अजून तसाच होता.

दोन खेपांत एकोणीस माणसं आणली. सीता पहिल्याच खेपेत. तिला धरून मी सगळ्यांसमोर रडलो, लाज वाटली नाही. नवव्या दिवशी मुलगी झाली. पाणी उतरल्यावर ट्रॉली कुठंच मिळाली नाही. तिचा खुलासा कचेरीनं माझ्याकडून तीनदा लिहून घेतला, आणि खरं ते मी एकदाही लिहिलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास जीपची ट्यूब घेऊन मी दुकानात गेलो. घमेलं कोरडं होतं, तळाशी गाळाला भेगा पडलेल्या. डोमाभाऊ बादली घेऊन बोरिंगवर गेला, बायांच्या रांगेत उभा राहिला आणि पाणी घेऊन आला. घमेल्यात ओतून त्यानं ट्यूब बुडवली. बुडबुडे लगेच आले, भोक सापडलं.

“भाऊ, सापडलं,” मी म्हणालो.

“कोमट हाये गा हे पानी,” तो म्हणाला, आणि हात काही बाहेर काढेना.