नलूआत्याची गाडी आणि माझी छाती

नलूआत्याच्या गाडीवर पाण्याचा टँकर आला तेव्हा मी त्याला हात दाखवून थांबायला सांगत होतो. टँकरमध्ये कोणी नव्हतं.

हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या उतारावर उभा केलेला टँकर हळूहळू मागे येतोय आणि त्याच्या वाटेत मी आणि आत्याची गाडी असे दोघेच आहोत. "अहो, जरा..." मी म्हणालो. (संकटकाळी माझा आवाज बँकेत अनोळखी माणसाकडे पेन मागावं तसा होतो.) टँकरने ऐकलं नाही. मी बाजूला झालो. गाडीला ते जमलं नाही. मागे कंपाउंडची भिंत होती.

ही गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. विलायती, दोन दारांची, छप्पर मागे दुमडणारी, दुधाच्या सायीच्या रंगाची. माझ्या आतोबांनी ती कुठल्याशा संस्थानिकाच्या गोठ्यातून आणली आणि चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये स्वतःच्या हातांनी उभी केली. मुंबईत तशी दुसरी नाही, असं ते सांगायचे. ते गेल्यावर आत्या दर रविवारी ती काढून कांदिवलीत मासे आणायला जायची. पापलेट पिशवीत, पिशवी पुढच्या सीटवर. आतोबांची सीट रिकामी ठेवायची नाही, एवढाच तिचा त्यामागचा विचार असावा. आम्ही कधी विचारलं नाही. आत्याला प्रश्न विचारायची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

त्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती आणि मला म्हणाली होती, "सुध्या, जरा खाली उभा रव. गाडीक कोणी हात लावता नये." तसं बघितलं तर हात कोणीच लावला नाही.

मी जिने चढलो. प्रत्येक मजल्यावर वाक्य बदललं. शेवटी दारात म्हणालो, "आत्या, गाडीला थोडं लागलंय."

"थोडं म्हणजे कुठे?"

"लांबीला."

आत्या उठून गॅलरीत गेली. खाली बघत उभी राहिली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्या बायकोने, मेघनाने, पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा आत्याने तो न बघताच हातात धरला आणि तसाच गॅलरीतल्या कुंडीत रिकामा केला. नलूआत्याने ओरडायची संधी सोडलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि मला जास्तच भीती वाटायला लागली.

पोलिसांत नोंद झाली, विमा कंपनीला कळवलं. नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर आला. बारीक, शांत, अतिशय सभ्य माणूस. त्याने गाडीभोवती फेरी मारली, फोटो काढले आणि म्हणाला, "होईल दुरुस्त. डेंटिंग, पेंटिंग, थोडे पार्ट." जणू गाडीला सर्दी झाली होती. महिन्याभराने कंपनीने कळवलं, दुरुस्तीपुरते पैसे मिळतील. त्या रकमेत आत्याची गाडी सोडा, बरी स्कूटर आली नसती.

मेघना म्हणाली, "अरे, पॉलिसीत गाडीची किंमत ठरवून लिहिलीय ना? गाडी पार संपली असेल तर ती पूर्ण द्यायला लागते. जाऊन सांग."

"कोण, मी?"

"मग काय टँकर जाणार?"

गोरेगावच्या त्यांच्या ऑफिसात मी गेलो. जाताना सगळे मुद्दे पाठ केले. क्लेमचे अधिकारी भरदार मिशांचे होते आणि त्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, तो ते बोलताना फिरवायचे. मला त्या पेपरवेटची भीती वाटली. ते म्हणाले, "मिस्टर परब, इतक्या जुन्या गाडीला एवढे मिळतायत, नशीब समजा."

घरी आल्यावर मेघनाने विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"थँक्यू म्हणालो."

मेघनाने माझ्या हातातले कागद काढून घेतले, उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "सही तरी केली नाहीस ना?"

सही केली नव्हती. (पेन मागायचा धीर झाला नाही.) पण आता हे आत्याला सांगायचं होतं. आत्या आमच्याकडे आली तेव्हा ते मेघनाने सांगितलं, मी मोरीत होतो. बाहेर आलो तेव्हा आत्या काठी टेकून चपला घालत होती.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"थँक्यू परत आणूक."

पुन्हा तेच ऑफिस, तेच टेबल. ह्या वेळी सर्व्हेअरलाही बोलावलं होतं. आम्ही तिघं ओळीने बसलो: मध्ये आत्या, एका बाजूला मेघना, दुसऱ्या बाजूला मी, दाराजवळ. आत्या एक दिवस अशी भांडेल की आपल्याला कुठूनतरी सिक्युरिटी उचलून नेईल, ही माझी लहानपणापासूनची धास्ती आहे, आणि तो दिवस आजच, अशी माझी खात्री झाली. मी खुर्चीच्या कडेवर अंग चोरून, पाय दुमडून बसलो.

पण आत्या भांडली नाही. तिने हलक्या आवाजात विचारलं, "साहेब, गाडी दुरुस्त होते म्हणता ना?"

"हो, मॅडम. रिपोर्टच आहे तसा."

"मग मला पैसे नकोत. तुम्हीच दुरुस्त करून द्या. होती तशी. माझ्या नवऱ्याने लावले होते तसलेच पार्ट घालून. मी थांबेन."

अधिकाऱ्यांचा पेपरवेट थांबला. "मॅडम, हे असं चालत नाही. तुम्ही आता निघा, आम्ही बघून कळवतो." ते उठून उभे राहिले. सर्व्हेअर उठला. मेघना अर्धवट उठली. आत्याही काठी चाचपू लागली. आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण मी बसलेलाच होतो.

"मिस्टर परब?"

मी काही बोललो नाही. त्यांच्या मिशांकडे बघत राहिलो.

ते परत बसले. सगळेच बसले. अधिकारी सर्व्हेअरला म्हणाले, "लाव रे फोन एकाला. संपवून टाक विषय." सर्व्हेअरने जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. पुढची काच आहे का? नाही. दारं? नाही. पुढचं ग्रिल? व्यापारी हसला. म्हणाला, "भाईसाब, उस गाडी का सामान पूरे बंबई में एक ही जगह मिलेगा. कांदिवली में एक मौसी है, उसके पास गाडी खडी है. लेकिन वो किसी को हाथ लगाने नहीं देती."

सर्व्हेअरने फोन अगदी हळूच बंद केला, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा.

"तीच मी," आत्या म्हणाली.

नवा सर्व्हे झाला. दुसरा माणूस आला, त्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि वर येऊन टोपी काढली. गाडी पूर्ण गेली असं त्याने लिहिलं, आणि पॉलिसीत ठरलेली सगळी रक्कम आत्याला मिळाली. कंपनीचे लोक गाडीचा सांगाडा न्यायला आले तेव्हा तिने फक्त स्टीअरिंग मागून घेतलं. त्यांनी ते लगेच काढून दिलं. आता ते तिच्या हॉलमध्ये भिंतीवर आहे, आतोबांच्या फोटोच्या बाजूला, आणि रविवारी मासे आणायला ती रिक्षाने जाते.

पैसे आले त्या आठवड्यात तिने सगळ्या घराण्याला जेवायला बोलावलं. सुरमई होती, सोलकढी होती, आणि वाढता वाढता आत्याने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ह्या पोराक मी उगाच भित्रा म्हणा होतंय," ती म्हणाली. "साहेब उठान उभो रवलो, आम्ही सगळी उठलो. पण ह्यो खुर्चीवरना हललो नाय. एक शब्द नाय, नुसतो बघित बसलो. तेचामुळे साहेब परत बसलो."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. माझ्या मुलीने तर ताटावरून उठून मला मिठी मारली. मी सुरमईचा काटा काढत नम्रपणे मान खाली घातली. त्या दिवशी ऑफिसात माझे दोन्ही पाय मांडीपासून खाली बधिर झाले होते आणि उठलो असतो तर साहेबांच्या टेबलावरच पडलो असतो, हे मी अजून मेघनालाही सांगितलेलं नाही.