पटल्यांच्या बांधीतली रोवणी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. तुळशीरामला सांगायची गरज नव्हती, तो दारात उभा होता, त्यानं कानानं ऐकलं. बाकी सगळ्यांना वाटते की बावनकर मास्तरांची नोकरी त्यांच्याच हट्टापायी गेली. तसं नाही ते. पण थांबा — एकदम नाही बोलता येत मला. आधीपासून सांगतो.

इंग्रज अजून जायचे होते. मी गोंदियाच्या हायस्कुलात होतो, फुटबॉल टीमचा कॅप्टन. कॅप्टन कशाचा, कपाळाचा! शाळेला चेंडू बाबांनी घेऊन दिला म्हणून कॅप्टन. बाबा मालगुजार, कामठ्याकडे आमचं गाव. दरसाल आम्ही हरायचो, आणि हरलो की मी बाकीच्यांवर डाफरायचो. उलटून कोण बोलणार? त्यातल्या अर्ध्यांचे बाप आमची जमीन वाहत होते.

त्या पावसाळ्यात बावनकर मास्तर आले. पलटणीतून सुटलेला माणूस, उंच, काळा, आवाज मात्र मऊ. भाड्याच्या दोन खोल्या घेऊन बायकोला नुकतंच आणलं होतं. तिनं आल्याआल्या दाराशी कारल्याचा वेल लावला. म्हणजे राहायलाच आले होते हो ते.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळ्यांसोबत मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या. मला! मी रागानं नुसता धुमसत होतो. शेवटची फेरी झाल्यावर जवळ आले न् म्हणाले, "पाय चांगले आहेत तुझे. पण तू खाली मान घालून पळतोस. वर पाहा, आपली माणसं कुठं आहेत ते पाहा." त्याआधी माझ्याबद्दल कोणी माझ्या तोंडावर खरं बोललं होतं का? मला तरी आठवत नाही. त्या दिवसापासून मी त्या माणसावर जीव टाकला. हे खरं आहे — पुढचं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

आम्ही जिंकायला लागलो. रेल्वेच्या पोट्ट्यांशी बरोबरी केली, बालाघाटवाल्यांना हरवलं. भंडाऱ्याच्या शाळेशी शेवटचा सामना राहिला, आणि तुळशीराम यायचा बंद झाला. तुळशीराम पटले, आमचा गोली. त्याचा बाप आमचं कूळ. बाप हिवतापानं अंथरुणात, आणि बांधीत, भाताच्या खाचरात, धानाच्या रोपांचे पऱ्हे जून होऊन राहिले होते. रोवणी टळली की वर्षाचं धान गेलं. मास्तर म्हणाले, "त्याचं पोट आधी. आपण दुसरा गोली पाहू."

तेव्हा मी बोललो. मीच. "मास्तर, आपण सगळेच जाऊ ना! दोन दिवसांत रोवून टाकू."

त्यांनी मला विचारलं, "तुझ्या घरी चालेल?" मी म्हटलं, न चालायला काय झालं! त्यांनी पुन्हा विचारलं. दोनदा विचारलं त्यांनी मला.

गेलो. रोवणी आमच्याकडे बायांचं काम. त्यात मालगुजाराचा पोरगा गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्याची पेंढी! बाया हसून हसून बेजार. "पाह्य व, पाह्य! थो पुढं रोवते, न् आपलंच रोवलेलं तुडवून रायला!" रोवणी मागं सरकत करायची असते, हे मला कुठं ठाऊक? मास्तर ओणव्यानं सरकत म्हणाले, "बॅकनं असंच खेळायचं. मागं जा, पण नजर समोर." दोन दिवस आम्ही चिखलात लोळलो, हसलो, बायांनी दिलेली भाकर खाल्ली. एवढा आनंद मला पुन्हा झाला नाही. कधीच नाही.

सगळ्यांच्या पायांना चिखल्या झाल्या. बोटांच्या सांदी फाटून नुसती आग. मास्तरांच्यासुद्धा.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. आत खुर्चीवर बाबा. गावात हसू झालं होतं — मालगुजाराचा पोरगा कुळाच्या बांधीत बायांबरोबर रोवते म्हणून. मास्तर भिंतीशी उभे, दारात तुळशीराम, त्यालाही बोलावलं होतं. हेडमास्तरांनी मला एवढंच विचारलं : कोणाच्या डोक्यातून निघालं हे?

काय होतं हो बोलायला? 'माझ्या' — एवढंच ना? फार तर दोन थोबाडीत बसल्या असत्या. बाबांनी मला काही फासावर चढवलं नसतं. आणि मी — बाबांच्या हातातल्या छडीकडे पाहत मी म्हटलं, "मास्तरांनी नेलं." तेवढ्यावरही थांबलो नाही. कोणी विचारलं नव्हतं, तरी पुढं बोललो, "नाही गेलो असतो तर टीममधून काढलं असतं त्यांनी."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते हेडमास्तरांना म्हणाले, "हो. मीच नेलं."

संध्याकाळच्या आत त्यांची नोकरी गेली.

मी व्हरांड्यात खांबाशी उभा होतो. ते बाहेर आले, माझ्यापाशी थांबले. खाली वाकून माझे पाय पाहिले. म्हणाले, "बऱ्या नाही झाल्या अजून? रविवारी सामना आहे." आणि खिशातून पानाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांच्या बायकोनं आम्हा पोरांसाठी मेंदी वाटली होती, चिखल्यांवर लावायला. मी पुडी घेतली. तुळशीराम दारातून सगळं पाहत होता. तो एवढंच म्हणाला, "काऊन बोल्लास तसा?" मी पुडी मुठीत धरून घराकडे निघालो.

शनिवारी मास्तर बायकोला घेऊन गाडीनं गेले. कुठं गेले, मी कधी चौकशी केली नाही. दाराशी वेलाला कळ्या आल्या होत्या, हे मात्र मी जाऊन पाहून आलो.

रविवारी आम्ही जिंकलो. गोल मी केला, अनवाणी, मेंदीनं लाल झालेल्या पायानं. पोट्ट्यांनी मला खांद्यावर घेतलं. बाबांनी शाळेत पेढे वाटले. तुळशीराम गोलाच्या खांबाशीच उभा राहिला, जवळ आला नाही.

पाय बरे झाले होते. औषध चांगलं होतं.

मास्तरांना त्या बांधीत मी नेलं होतं. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं.