अमेरिका मॅडमचा गुरुवार

अमेरिका मॅडमना सरळ प्रश्न विचारला आणि सरळ उत्तर मिळालं, असं एकदाही झालं नाही. "मॅडम, हे परीक्षेला येणार का?" असं विचारलं की त्या चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "घरी विचारून ये." आता गावी, जामसरला, माझ्या घरी आई, बाबा आणि आजी. तिघांपैकी अमेरिका कुणाला ठाऊक? पण मॅडमचं ठरलेलं. तिकडे जमिनी कशा वाटल्या हे शिकवलं की घरी विचारून या, आपला तुकडा आपल्या नावावर कसा झाला. तिकडची रेल्वे झाली की घरी विचारून या, आपला घाटरस्ता कुणी बांधला. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "कंचा रस्ता? तो तं दरसाल बांधतात." हेच मी चिडून वर्गात सांगितलं, तर मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

खरं तर मला अमेरिका नकोच होती. माझा मुख्य विषय मराठी. मायनर म्हणून ग्रामीण विकास घ्यायचा, गाइड आणायचं, पास व्हायचं, एवढा साधा बेत होता. पण दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला अर्ज मोबाइलवर भरायचा आणि आमच्याकडे रेंज येते ती गावामागच्या टेकाडावर. मी टेकाड चढून पोचेपर्यंत ग्रामीण विकास भरून गेला होता. उरला होता 'अमेरिकेचा इतिहास, संस्कृती आणि समाज'. बाबांनी गावभर सांगितलं, पोरगी अमेरिका करते. शेजारची मावशी तर तिकडून काय आणशील म्हणून विचारून गेली. मोखाड्याच्या बाजारात मी गाइड शोधलं, तेव्हा दुकानदाराने मला आधी नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "पासपोर्टचं काम समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे."

मॅडम साताऱ्याकडच्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. जव्हारला एका खोलीत भाड्याने राहायच्या. स्वतः अमेरिका कधी पाहिलेली नाही, विमानात बसलेल्या नाहीत, पण मिसिसिपीबद्दल अशा बोलायच्या की जणू कालच तिच्या काठावर धुणं धुऊन आल्यात. नोट्स द्यायच्या नाहीत. मुलं कंटाळली, जांभया देऊ लागली, तरी बाईंचा आवाज काही खाली येत नसे. मी मनातल्या मनात त्यांना किती वेळा हात जोडले असतील!

एकदा त्यांनी तिकडच्या मूळ लोकांच्या मुलांच्या शाळा शिकवल्या. मुलांना गावापासून लांब न्यायचे, केस कापायचे, घरची भाषा बोलू द्यायचे नाहीत. त्या दिवशी 'घरी विचारून या' म्हणायची गरजच पडली नाही. वर्गातले बहुतेक जण आश्रमशाळेत वाढलेले. माझ्या शेजारी बसणारा विलास म्हणाला, "मॅडम, आमचे केस कापायला न्हावी तरी फुकट होता." सगळे हसले. मी हसले नाही. मला शाळेत कुणी मारलं नव्हतं, पोटभर जेवायला मिळालं होतं. पण घरचा एखादा शब्द तोंडातून गेला की अख्खी रांग हसायची, आणि सुट्टीत घरी आले की मी आजीशी पुस्तकातलं बोलायचे, ती नुसती बघत राहायची. हे सगळं मी नीट मिटवून ठेवलं होतं. ते उकरायला या बाईंना साताऱ्याहून कुणी बोलावलं होतं? मला इतका राग आला की तास संपल्यावर मी त्यांच्याकडे न बघता बाहेर पडले.

मॅडमना एक गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात. बघू म्हटलं की समजून घ्यायचं असतं. मॅडम मात्र प्रत्येक 'बघू' होकार म्हणून धरायच्या आणि मग ठरल्या जागी एकट्याच जाऊन उभ्या राहायच्या.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात बातमी आली की विद्यापीठाची समिती येऊन हा विषय बघणार. पटला तर ठेवणार, नाहीतर बंद. बंद म्हणजे आम्हाला दुसरा मायनर पहिल्यापासून, एक वर्ष जादा. बाबांनी मला तीन वर्षांचा शब्द दिला होता. त्यानंतर लग्न, नाहीतर भिवंडीकडे कामाला. चौथं वर्ष मिळणारच नव्हतं. हे मी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "काळजी करू नकोस. आपण समितीला जेवायला घालू."

अमेरिकेत नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी कापणीचं आभाराचं जेवण असतं. बाहेरून आलेल्या लोकांनी तिथल्या मूळ लोकांबरोबर बसून खाल्लेल्या पहिल्या जेवणाची आठवण म्हणून. मॅडमनी समितीला नेमका तोच गुरुवार दिला. मैदानात चूल मांडायची, प्रत्येकाने घरचा नवा तांदूळ आणायचा, एकाच हंड्यात शिजवायचा. "आणाल ना?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे म्हणालो, "बघू, मॅडम."

गुरुवारी समितीतली तिन्ही माणसं खुर्च्यांवर बसली. हंड्यात पाणी उकळत होतं. मॅडमनी हौसेने एकेक पिशवी उघडायला लावली. माझ्या पिशवीत रेशनचा तांदूळ. दुसऱ्या एकीच्या पिशवीत नागलीचं पीठ. विलासच्या पिशवीत खारी बिस्किटं.

"नवा तांदूळ कुठाय?" मॅडमनी विचारलं. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "मॅडम, रेशनचाच शिजवू. त्यांना काय कळतंय?" इतकं सोपं होतं. कुणीही शहाणी बाई हो म्हणाली असती. त्या म्हणाल्या, "पण नवा का नाही आणला?"

तेव्हा माझा तोल गेला. समिती समोर, वर्ष जायच्या बेतात, आणि यांचे प्रश्न संपत नाहीत! मी मोठ्यानेच म्हणाले, "गावदेवाला अजून दाखवला नाही म्हणून! भगत दिवस काढतो, देव जेवतो, मग आम्ही नवं खातो. तुमचा गुरुवार देवाला कुणी सांगितला?"

मॅडमचा चेहरा असा फुलला की मला धडकीच भरली. त्या समितीकडे वळल्या. "सर, दीड वर्ष मी यांना विचारत आले, त्या पहिल्या जेवणात पाहुणा कोण आणि यजमान कोण? आज पाहुणी मी होते, आणि यजमानांना न विचारता तारीख ठरवून मोकळी झाले. आज जेवण होणार नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चुलीतली लाकडं ओढून घेतली.

समितीने चहाबरोबर विलासची खारी खाल्ली आणि समिती गेली. महिन्याभराने निकाल आला. आमच्या तुकडीने विषय पुरा करावा, नवे प्रवेश देऊ नयेत. माझं वर्ष वाचलं. मॅडमचे तास आमच्याबरोबरच संपणार होते. मी म्हटलं, "रेशनचा शिजवला असता तर तुमची नोकरी राहिली असती." त्या म्हणाल्या, "राहिली असती. तुमच्याकडे नवं कधी आहे?"

आणि आल्या की हो जामसरला! मोखाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून. देवाला दाखवून झाल्यावर आजीने पहिलं पान मॅडमचं वाढलं. मॅडम आजीला प्रश्न विचारू लागल्या. आजी पुस्तकातलं बोलणारी नव्हे, मॅडमना आमचं कळणारं नव्हे, त्यामुळे मध्ये मी. त्या दोघींच्या पायी माझा भात गार झाला. इतक्या वर्षांत मी आजीशी एवढं घरचं कधी बोलले नव्हते.

परीक्षा झाल्यावर मॅडम जव्हारच्या एसटी स्टँडवरून गेल्या. मी तहसीलच्या आवारात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम धरलं. माझ्यासाठी स्थळ घेऊन येणाऱ्यांना बाबा अजून 'बघू' म्हणतात. दिवाळी झाली की मात्र साताऱ्याहून फोन सुरू होतात. "नवं झालं का?" आमच्या देवाआधी नवा भात खायचा नाही, असं मॅडमनी ठरवलंय. मी म्हटलं, "अहो मॅडम, दुकानातला तांदूळ तो! खा ना, कोण बघतंय?" त्या म्हणाल्या, "आजींना विचारून सांग."

यंदा भगताने दिवस उशिरा काढला. देवाचं झालं, पानं वाढली, मी घास उचलला, तर आजी तशीच बसून. "पावनी जेवली का?" म्हणाली. मी म्हटलं, पाहुणी साताऱ्याला आहे, जेवेल तिची ती. आजी म्हणाली, "नाय. आधी तिला सांग. मंग मी खाईन." झालं. भरलं पान टाकून मी टेकाड चढले. पोटात कावळे कोकलत होते. दोनदा फोन लागून तुटला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "मॅडम, देव जेवला! आता जेवा एकदाचं, आजी खोळंबलीय!"